भावे प्रयोग

३ जून

प्रिय बाळ,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. नुसता पत्ता. ना वर नमस्कार, ना खाली 'कशी आहेस'. वीजबिलवालेसुद्धा याहून जास्त मजकूर लिहितात. पण पत्ता कळवलास म्हणजे दार पुरतं लावलेलं नाही, असा मी अर्थ काढला. चुकला असेल तर हे पत्र फाडून टाक.

फोनचं मला जमणार नाही. मागे तू एकदा फोन केलास, तेव्हा पलीकडून कुणी जाड आवाजाचा माणूस 'आई' म्हणाला आणि मी 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवला. मग तासभर तिथंच बसून राहिले. पुन्हा वाजला नाही. कार्डावर मात्र 'शाळेजवळ'मधल्या ळला तू अजून उलटीच गाठ मारली आहेस. चौथीपासून सांगतेय. अक्षर तेच आहे, म्हणून पत्र.

तीन वर्षांपूर्वी दारातून निघताना 'येतो' असं तू म्हटलंस, आणि मी मागून 'येते' अशी दुरुस्ती केली. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, तोंडाला वळण पडलंय. वर्गात कुणी 'तो नदी' म्हटलं तर मी झोपेतूनही 'ती' म्हणेन. पण तुझी पावलं जिन्यावर वाजली ती थांबलीच नाहीत. त्या एका कान्याची किंमत मला तेव्हा कळली नाही.

माझं बरं आहे. शेजारच्या काकू रोज डोकावतात. तुझं काय चाललंय ते लिही. नोकरी कसली आहे? जेवणाचं काय?

तुझी आई

---

१४ जून

प्रिय आई,

पत्र फाडलं नाही. खिशात ठेवून कामावर नेलं.

चष्म्याच्या कारखान्यात आहे. भिंगं घासतो. एका मोठ्या खोलीत आम्ही पाच जण, सगळे पुरुष, आणि चाकांवर सतत पाणी पडत असतं. मोठे मिस्त्री कडक आहेत पण काम शिकवतात. माझ्याबद्दल तिथं कुणाला माहीत नाही. त्यांच्या लेखी मी कमी बोलणारा एक माणूस.

पुरुषांत कसं वावरायचं याचं पुस्तक मिळत नाही, आई. बाकीचे जन्मापासून शिकून आलेत आणि मी चौतिसाव्या वर्षी बालवाडीत. पहिल्या दिवशी शेजाऱ्याला म्हटलं, "जरा ती पट्टी देता का?" मोठे मिस्त्री म्हणाले, "अरे, इथं मागायचं नाही, हात घालायचा." आमच्यात एकजण आहे, आवाजामुळे सगळे त्याला तोफ म्हणतात. तो नवा शर्ट घालून आला. मी म्हटलं, "रंग छान दिसतो तुला." सगळ्यांनी वळून पाहिलं. मग तोफ म्हणाला, "लग्न करतोस का माझ्याशी?" सगळे हसले, मीही हसलो. हसताना माझा हात तोंडावर जायचा. ती बायकी खोड मोडायला सहा महिने लागले. आता हसणंच कमी केलंय, ते सोपं पडतं.

एक सांगतो. परवा भरदुपारी भुयारी रस्त्यातून जात होतो. पुढे एकच बाई. तिनं मागे पाहिलं, पर्स छातीशी धरली आणि चाल वाढवली. ती चाल मला पाठ आहे. वीस वर्षं मी तशीच चाललो. ओरडून सांगावंसं वाटलं, अहो घाबरू नका, मी... पुढे काय म्हणणार होतो? खाली वाकलो आणि ती बाहेर पडेपर्यंत बुटाची नाडी बांधत बसलो. लोक मला पुरुष समजतात याचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू, झाला. त्याच वेळी रडूही आलं, पण आलं तसं परत गेलं. लोक म्हणतात, आवाज जाड करणाऱ्या औषधांनी होतं. मला वाटतं, सरावानं होतं.

जेवण ठीक. सगळं ठीक.

तुझा

---

२७ जून

प्रिय बाळ,

'जेवण ठीक, सगळं ठीक.' तुझे बाबा तीस वर्षं 'ठीक' या एका शब्दावर संसार करून गेले. तो शब्द तेवढा त्यांच्याबरोबर जाऊ द्यायचा होता.

बाई पुढे निघून जाईपर्यंत नाडी बांधत बसणारे पुरुष मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत. ही खोड मोडू नकोस.

आणि तोंडावरचा तो हात. तो बायकी कुणी ठरवला? तो माझ्या वडिलांचा हात आहे. पुढचे दोन दात पडल्यापासून ते तसे हसायचे. त्यांच्या मांडीवर बसून तू ती नक्कल उचललीस, तेव्हा तुझं वय तीन असेल. आता हात वर ठेवायचा की खाली, ते तुझं तू ठरव. पण ज्याचा आहे त्याच्या नावावर राहू दे.

मी बरी आहे. जरा अशक्तपणा वाटतो, वयाचं आहे.

तुझी आई

---

२० जुलै

प्रिय आई,

आजोबांचा हात! मी सहा महिने आजोबांशी भांडत होतो तर. काल मुद्दाम हात वर जाऊ दिला. कुणाचं लक्षही नव्हतं.

आता दोन गोष्टी, दोन्हीही चांगल्या नाहीत. तोफेची आई गेली. चौथ्या दिवशी तो कामावर आला. सगळ्यांनी पाठीवर थाप मारली, "चल, चहा घे," एवढंच. मला त्याचा हात धरायचा होता. पूर्वीची मी असते तर धरला असता, शेजारी बसून सगळं विचारलं असतं. नाही धरला. दुपारी तो घासायच्या खोलीत एकटाच होता, चाक सुरू आणि भिंग हातात नाही. पाण्याच्या आवाजात रडत होता. मी आत गेलो, दुसऱ्या चाकाचा नळ पूर्ण सोडला, म्हणजे आवाज वाढला. त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो. मला तेवढंच सुचलं.

दुसरी गोष्ट लाजेची आहे. जेवणाच्या सुट्टीत एकानं बायकांवरचा एक घाण विनोद सांगितला. मी हसलो. न हसलेला एकटाच उठून दिसतो, म्हणून हसलो. डब्यातलं मग खाववलं नाही.

आणि एक विचारायचं होतं. तुझी पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचतो. त्यांत माझ्यासाठी एकही 'गेलास' नाही आणि एकही 'गेलीस' नाही. 'तुझी पावलं वाजली, तू म्हटलंस, तुझं वय असेल.' बरोबर तिथंच वाक्य वळतं. मला 'बाळ' म्हणतेस, कारण ते बाळ. हे आपोआप होत नसणार.

अक्षरं ओळ सोडून खाली उतरायला लागली आहेत तुझी. चष्म्याचा नंबर कळव.

तुझा

---

९ ऑगस्ट

प्रिय बाळ,

चोरी पकडलीस. आयुष्यभर मी पोरांच्या वह्यांतल्या चोऱ्या पकडल्या, आता माझी पाळी.

आधी तोफेबद्दल. माझी आई गेली त्या दिवशी तुझे बाबा माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. अंगणात जाऊन त्यांनी सायकलीच्या दोन्ही चाकांत हवा भरली, मग शेजाऱ्यांच्या तीन सायकलींत भरली. मी कितीतरी वर्षं त्याचा राग धरला. तुझा तो नळ वाचला आणि आज राग गेला. पण बाळ, नळ सोडून झाल्यावर हातही धरता येतो. त्याला कुठल्याच व्याकरणात बंदी नाही.

त्या विनोदाला तुझ्याकडून हसलं गेलं, त्याचा मात्र राग आला. बघ, पुन्हा वळवलं मी वाक्य.

तर तास घेते. कर्तरि प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या मागून चालतं. मुलगा आला, मुलगी आली. भावे प्रयोगात ते कुणाच्याच मागून चालत नाही. आईने मुलाला बोलावले, आईने मुलीला बोलावले. 'बोलावले' आपलं एकटंच उभं. मी सध्या तिथं उभी आहे. 'आलीस' लिहिलं तर तुझी पत्रं थांबतील. दुसरं लिहायला घेतलं की पेन कागदावर टेकतं आणि तसंच राहतं. वाटतं, तो एक काना दिला की मग जिला मी बोट धरून शाळेत न्यायचे ती कुठे गेली, हे कुणाला विचारायची सोय राहणार नाही. ती मेली नाही, ती सासरी गेली नाही. तिच्यासाठी रडावं तर तू आहेसच, धडधाकट. म्हणून रडताही येत नाही.

मला खोटं लिहायचं नाही, आणि खरं अजून हाताला येत नाही. थोडा वेळ दे. भावे प्रयोगात निदान भाव तरी आहे, असं समज.

नंबराची चिठ्ठी सोबत आहे.

तुझी आई

---

२४ ऑगस्ट

प्रिय आई,

चष्मा पाठवतोय. भिंगं मी स्वतः घासली, तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत. मोठे मिस्त्री म्हणाले, "कुणासाठी एवढं?" मी म्हटलं, "आईसाठी." त्यांनी चांगली फ्रेम काढून दिली आणि मान दुसरीकडे वळवली.

ती मुलगी कुठे गेली विचारतेस. ती इथंच आहे, आई. भुयारी रस्त्यात नाडी बांधायला तीच वाकली. तिला मी मारलं नाही, सोबत घेऊन फिरतो. पण मला यायचंय. आणि तुझ्या दारात उभं राहून वळवलेलं वाक्य मला ऐकवणार नाही. तीन वर्षं परक्या माणसांनी 'आलास का, जेवलास का' विचारलं आणि मी प्रत्येक वेळी मनात म्हटलं, हे आईनं विचारायला हवं होतं.

एकच ओळ लिही: 'तू आलास तर बरं होईल.' ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी निघतो. तूच सांगायचीस ना, चुकलेला शब्द दहा वेळा लिहिला की हात पुन्हा चुकत नाही. मी दहा वेळा मागत नाही. एकदा दे.

तुझा

---

६ ऑक्टोबर

आई,

सहा आठवडे झाले. उत्तर नाही, हेच उत्तर समजतो.

ठीक आहे. चष्मा वापर. त्यात क्रियापद नाही.

---

११ ऑक्टोबर

तुझी सहा तारखेची चिठ्ठी मी, शेजारच्या काकूंनी, फोडली. माफ कर. बाई महिनाभर दवाखान्यात आहेत. पोटातलं दुखणं आहे, उन्हाळ्यापासूनचं. 'कळवू नका, आधी मला एक पत्र लिहायचंय' म्हणून त्यांनी मला शपथ घातली. रोज कागद घेतात आणि दोन शब्दांत थकतात. आता मी शपथ पाळत नाही. तुझा फोन नंबर कुणाकडे नाही म्हणून हे लिहितेय. रागावली असशील तर राग नंतर काढ. लगेच निघ.

---

२० ऑक्टोबर

तू परत गेलीस त्याला दोन दिवस झाले, पण माझा जीव शांत होत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते.

केस कापलेस, मिशी ठेवलीस, ते तुझं तू जाण. मला त्यातलं कळत नाही. पण त्या दुपारी बाई गेल्या आणि मी वॉर्डाबाहेर आले, तर तू बाकावर बसलेली! ओळखायलाच मला वेळ लागला. मी सांगितलं, तर तू 'ठीक आहे' म्हणालीस आणि सही कुठे करायची ते विचारलंस. डोळ्यांत टिपूस नाही. दगडासारखी उभी होतीस. किती वेळ बसली होतीस तिथं? आत का नाही आलीस? आई जाताना बाहेर बसून राहायचं, हे कुठल्या पुरुषाकडून शिकलीस?

---

२७ ऑक्टोबर

काकू,

सव्वा वाजल्यापासून बसलो होतो.

बायकांच्या वॉर्डाच्या दारात स्टुलावर एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "पेशंटचे कोण?" मी म्हटलं, "मुलगा." त्या म्हणाल्या, "पुरुषांना चार ते पाच. आत बायका झोपल्यात." मी हात जोडले. म्हटलं, निदान आत निरोप द्या. त्या म्हणाल्या, "मला जागा सोडता येत नाही, दादा." वाईट नव्हत्या. त्यांनी मला पाणीही दिलं.

माझ्या पिशवीत जुनं ओळखपत्र होतं, जुन्या नावाचं, लांब केसांच्या फोटोचं. ते काढून 'मी मुलगीच आहे, मी आलेय' एवढं म्हटलं असतं तर दार उघडलं असतं. मी ते दोनदा बाहेर काढलं, काकू. दोन्ही वेळा परत ठेवलं. मला वाटलं, तीन वर्षं ज्या एका शब्दासाठी आईशी भांडलो तो तिच्याच दारात टाकून आत गेलो, तर तिच्यासमोर कोण म्हणून उभा राहू? आणि मला वाटलं, पावणेतीन तासांचा तर प्रश्न आहे.

बाकावर आणखी तीन पुरुष होते. गुडघे फाकवून, जमिनीकडे बघत. मीही तसाच बसलो. चारला वीस मिनिटं असताना तुम्ही बाहेर आलात.

रडू येत नाही. यायचं ते वाटेत कुठेतरी अडकतं. तुम्ही म्हणता तसा दगड झालो असेन. पण 'मुलगी' हा एक शब्द मी बोलायला हवा होता. आता रोज बोलतो, भिंतीशी.

---

५ नोव्हेंबर

बाळा,

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. माझ्या हातून जे झालंय ते तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

त्या दुपारी दोन वाजल्यापासून बाई एकच विचारत होत्या. "आला का?" डोळे दाराकडे. "आला का गं?" मी तुझी वाट बघत होते, पण माझ्या डोक्यात तू 'आली' होतीस. मला वाटलं डॉक्टरांचं विचारतायत. मग वाटलं, भ्रम झाला, तुझ्या बाबांना शोधतायत. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "कोणी आलेलं नाही, बाई, तुम्ही पडून राहा." चारदा तरी म्हटलं असेल. दाराच्या अलीकडे मी हे म्हणत होते आणि पलीकडे तू बसला होतास.

आणखी आहे. तेरा तारखेला त्यांनी मला पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. त्या 'आला नाहीस' म्हणाल्या. मला वाटलं जीभ अडखळली. मी मराठीच्या बाईंची दुरुस्ती केली आणि सगळीकडे 'आली, आली' लिहिलं. मग त्यांनी तुझा चष्मा मागितला, पत्र वाचलं, माझ्याकडे बघून हसल्या आणि पर्समधलं लाल पेन मागितलं. मी पाणी आणायला गेले. परत आले तर पत्र दिसलं नाही. 'मीच टाकीन पोस्टात,' म्हणाल्या.

परवा त्यांच्या वस्तू आवरताना चष्म्याचं घर उघडलं. त्यात होतं. सोबत पाठवते. निळं माझं आहे, लाल बाईंचं. माझ्या पाच चुका काढल्यात.

तू आत आला असतास तर मी तुला मुलगी म्हणूनच त्यांच्यापुढे उभं केलं असतं. तू नाही आलास. मला दोन्हींचं रडू येतं.

काकू

---

(सोबतचं पत्र. १३ ऑक्टोबर)

चिरंजीवास,

तू अजून आला नाहीस. मीच कळवलं नाही, तर कसा येशील? रागावला असशील. राग धर, पण प्रवासात उपाशी राहू नकोस.

चष्मा फार छान झालाय. समोरच्या भिंतीवरच्या भेगा आता मोजता येतात. तेवीस आहेत.

तू आलास तर बरं होईल. आला नाहीस तरी मी वाट बघेन, त्याला कुणाची मदत लागत नाही.

आई

आलास
आलास
आलास
आलास
आलास
आलास
आला

---

१६ नोव्हेंबर

आई,

पत्र मिळालं.

कामावरच वाचलं. चाकं बंद होती, जेवणाची सुट्टी होती, पाण्याचा आवाज नव्हता. मी सगळ्यांदेखत रडलो. मोठ्यानं, तोंडावर हात न घेता. तोफ उठला. मला वाटलं नळ सोडायला जातोय. त्यानं स्टूल ओढलं, माझ्याशेजारी बसला आणि माझा हात धरला. मोठे मिस्त्री म्हणाले, "रड रे, काम कुठे पळून जात नाही."

तू चुकलेला शब्द लिहायला घेतलास. दहा व्हायला हवे होते. सहा पुरे झालेत. सातव्याचा स तुला झाला नाही, तो मी लावला, तुझ्याच लाल रंगात. शाई आणली त्यासाठी. उरले तीन. ते तुला आता लिहिता यायचे नाहीत, म्हणून मी लिहितो. माझ्याकडून लिहायचे तर रूप बदलेल. तेवढं चालवून घे.

आलो.
आलो.
आलो.